सांतोसहून आलेला दाखला

वेंगुर्ल्याहून एका आईंचं पत्र आलंय. मुलीने यंदा बारावी कला शाखेतून ८१ टक्के मिळवले, माध्यम मराठी. दोन वर्षांपूर्वी तिचा मामा बोटीवर असताना आजारी पडला आणि ब्राझीलच्या सांतोस बंदरात वारला. मृतदेह घरी यायला सतरा दिवस लागले. तेवढे दिवस तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमधल्या एक बाई एक दिवसाआड फोन करत होत्या, आणि घरात तो फोन घेत होती ही मुलगी. तेव्हापासून तिचं एकच चाललंय, ‘मला त्या बाईंचं काम करायचंय.’ वडिलांची काजूची बाग आहे. नातेवाईक म्हणतात, ही कामं दिल्लीवाल्यांची. आईंनी शेवटी विचारलंय, ‘आमच्या चेडवाक ह्या जमतला काय?’

ताई,

जमेल. पण आधी ते काम काय असतं ते सांगतो. परराष्ट्र खातं म्हटलं की बहुतेक मुलांच्या डोळ्यांपुढे झेंडा लावलेली गाडी येते. तुमच्या लेकीने त्या खात्याचं आतलं काम ऐन दुःखात पाहिलंय. म्हणून तिची इच्छा मला हौसेची वाटत नाही.

आपला माणूस परदेशात वारला की तिथल्या सरकारने आपल्या कॉन्सुलेटला विनाविलंब कळवायचं, असं १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३७वं कलम सांगतं. त्यानंतर सगळी धावपळ कागदांची. रुग्णालयाचा अहवाल, स्थानिक मृत्युदाखला, शव टिकवण्यासाठी केलेल्या प्रक्रियेचं प्रमाणपत्र, पासपोर्ट रद्द करणं, घरच्यांचं संमतिपत्र, जहाज कंपनीच्या एजंटाशी बोलणी, विमानाचं बुकिंग. यातला एक कागद अडला तरी पेटी जागची हलत नाही. दाखला पोर्तुगीजमध्ये होता आणि घरात कुणालाच वाचता आला नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर ‘सेर्तिदाँव द ऑबितु’ असे शब्द असतील. अर्थ साधाच, मृत्यूचा दाखला. अशा कागदावर अपोस्टिलचा शिक्का मारून घेतला की तो दुसऱ्या देशात ग्राह्य धरतात. त्या व्यवस्थेत भारत २००५ पासून आहे, ब्राझील २०१६ पासून. त्या बाई फोनवर धीर देत होत्या तेव्हा दुसऱ्या हाताने ही सगळी कामं उरकत होत्या.

आता व्यापाराकडे येतो, कारण ती बाजू तुमच्या अंगणातच आहे. कॉन्सुलेटला सरकारी मराठीत ‘वाणिज्य दूतावास’ म्हणतात, ते उगाच नाही. आपले राजदूत ब्राझिलियात बसतात आणि सरकारशी सरकारचं बोलणं सांभाळतात. साओ पाउलोचं कॉन्सुलेट माणसं आणि व्यापार बघतं; सांतोस बंदर तिथून जवळ. तुमच्या वेंगुर्ल्यातली पडकी डच वखार लेकीला एकदा या नजरेने दाखवा. सतराव्या शतकात दूरदेशीच्या माणसांनी इथे येऊन मालाचा, करारांचा आणि आपल्या खलाशांचा हिशोब ठेवला, तो तिथे बसून.

आणि काजू तर ब्राझीलचाच. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो या किनाऱ्यावर आणला, ‘काजू’ हा शब्दही त्यांच्याच बरोबर आला. आज आपल्याकडच्या कारखान्यांना इथली बी पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतून कच्ची बी येते. ती पाठवणाऱ्या देशांपैकी गिनी-बिसाउ आणि मोझांबिक यांची राजभाषा पोर्तुगीज. भारत आणि ब्राझीलचे राजनैतिक संबंध १९४८ पासूनचे. ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे आणि पॅराग्वे यांनी स्थापन केलेल्या मर्कोसुर या व्यापारी गटाशी आपला सवलतीच्या जकातीचा करार २००९ पासून लागू आहे. इतकं सगळं चालू असताना पोर्तुगीज वाचू शकणारा माणूस आपल्या जिल्ह्यात शोधावा लागतो. म्हणून माझा पहिला सल्ला भाषेचा. बीए करताना राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घ्यावं आणि सोबत पोर्तुगीज सुरू करावी. पणजीत वर्ग चालतात, गोवा विद्यापीठातही पोर्तुगीज शिकवतात. कोकणातल्या मुलीला ही सोय दाराशी आहे. नागपूरच्या मुलीला नाही.

मोठी वाट यूपीएससीची. पदवी हवी, वय २१ ते ३२, खुल्या गटाला सहा प्रयत्न. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीत देता येते. पण पूर्वपरीक्षेचा पेपर फक्त हिंदी-इंग्रजीत असतो आणि मुख्य परीक्षेत इंग्रजीचा एक पेपर उत्तीर्ण व्हावाच लागतो. तेव्हा इंग्रजी वाचनाला आजपासून रोज एक तास द्यायचा, यात सूट नाही. नातेवाइकांना सांगा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ च्या तुकडीतून परराष्ट्र सेवेत गेले आणि न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत, म्हणजे तिथल्या कॉन्सुलेटचे प्रमुख झाले.

तरीही सगळी मदार यूपीएससीवर ठेवू नका. परराष्ट्र सेवेच्या जागा दरवर्षी मोजक्याच असतात. पुण्यात खोली आणि क्लासच्या फीपायी बाग गहाण टाकलेली घरं मी पाहिली आहेत, मुलं तिशीला आली तरी हातात काही नव्हतं. तुम्ही तसं करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर होता येतं आणि त्यांच्याही नेमणुका परदेशातल्या दूतावासांत होतात. फोन करणाऱ्या त्या बाई कदाचित याच वाटेने तिथे पोचल्या असतील. दोन्ही परीक्षांचा बराच अभ्यास सारखा आहे, तेव्हा दोन्ही द्याव्यात. यूपीएससीचे तीन प्रयत्न झाले की थांबून विचार करायचा, हे घरात आजच ठरवून टाका.

तिसरी वाट निर्यातीच्या कागदपत्रांची. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईहून विमानाने गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेने लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे नाकारल्या. कारण दिलं होतं ते विकिरणाच्या, म्हणजे फळातली कीड मारण्यासाठी किरणांचा मारा करतात त्याच्या, कागदपत्रांतल्या त्रुटीचं. परत आणण्याचा खर्च परवडेना म्हणून फळ तिथेच नष्ट करावं लागलं. बागायतदाराच्या घरात वाढलेल्या मुलीला त्या पेट्यांमागची मेहनत सांगावी लागणार नाही. बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती), उगमाचा दाखला, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला) हे चोख करणारा माणूस आणि त्याला पोर्तुगीज येत असेल तर न्हावा-शेवा बंदरातल्या कंपन्यांत काम मिळतं, घरची कमाई सुरू होते. त्या कमाईवर यूपीएससीचा अभ्यासही निभतो.

या महिन्यात दोन कामं करा. लेकीचा पासपोर्ट काढायला टाका, फॉर्म तिलाच भरू दे. आणि मामाच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन तिला पणजीला पाठवा. पोर्तुगीज शिकवणाऱ्या कुणाहीसमोर बसून तिने तो ओळीओळीने वाचून घ्यावा. जड जाईल, तुम्ही सोबत जा. परत आल्यावर तिला अजूनही तेच काम हवं असेल, तर पुढचं पत्र तिने स्वतः लिहावं. बीएचे विषय आपण तेव्हा ठरवू.