नागपूरमध्ये जुन्या धाटणीच्या बॉडीची सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप) बसवलेली ड्रॅग कार, म्हणजे सरळ, छोट्या अंतराच्या वेगशर्यतीची गाडी, बांधायची आहे. सुरुवात कशापासून करावी?

बॉडीचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे ठाम मत आहे. १९३२ च्या फोर्ड कूपेसारखा आकार फायबरग्लासमध्ये घडवता येतो. परंतु सगळा भार क्रोम-मॉली (मजबूत मिश्र पोलाद) नळ्यांच्या चासीने, म्हणजे सांगाड्याने, आणि तिला वेल्ड केलेल्या रोल केजनेच (चालकाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्यानेच) पेलला पाहिजे.

खरा कस इंजिनात लागतो. रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरील पट्ट्याने फिरत असल्याने ॲक्सिलरेटर दाबताच जोर मिळतो. मात्र तो हवा दाबताना बरीच तापवतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की आधीच गरम असलेली ही हवा सिलिंडरमध्ये नॉकिंग (इंधनमिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) घडवून पिस्टन फोडू शकते. म्हणून फोर्ज्ड (दाबून घडवलेले, मजबूत) पिस्टन, साधारण ८.५:१ इतके कमी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) आणि इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारे उपकरण) यांवर आधी पैसा घालावा. प्रत्येक धावेनंतर स्पार्क प्लग काढून भिंगाखाली पाहावा: पांढऱ्या पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक चमकते कण दिसले, तर पिस्टन वितळू लागला आहे असे समजून पुढची धाव तिथेच थांबवावी.

वर्धा रोडवर रात्री चाचणी घेण्याचा विचारही करू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. गाडी ट्रेलरवरून न्यावी आणि ४०२ मीटरची धाव अधिकृत स्पर्धेतच, मान्यताप्राप्त हेल्मेट व अग्निरोधक पोशाख घालून करावी.