सारांश बरोबर होता, शेतकरी फोनवर खरं बोलला नव्हता

प्रश्न: मी चार वर्षं प्रॉडक्ट मॅनेजर आहे. पीआरडी (प्रॉडक्टमध्ये काय बांधायचं ते सांगणारा दस्तऐवज), यूजर स्टोरी (वापरणाऱ्याला काय हवं त्याची छोटी नोंद), ग्राहकांच्या कॉलचे सारांश, सगळं आता एआय करतं. माझं काम उरेल का? एआयचा कोर्स करू की परत कोडिंगकडे वळू?

पीआरडी लिहिणं हेच तुमचं काम असेल तर ते गेलेलं आहे. गेल्या वर्षभरात मी एकही पीआरडी कोऱ्या पानापासून लिहिलेला नाही. डेव्हलपरसाठी कामाची तिकिटं, रिलीज नोट्स, मीटिंगचे मुद्दे एआय मॉडेल लिहितं आणि माझ्यापेक्षा नीट लिहितं. साधा प्रोटोटाइप मी एका दुपारी उभा करते, पूर्वी त्यासाठी डेव्हलपरच्या मागे आठवडाभर फिरावं लागायचं. याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. पण कॉलचे सारांश तुम्ही त्याच यादीत टाकलेत, म्हणून लिहायला बसले. त्या सारांशावरून माझं एक भांडण झालं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही.

मी नाशिकला एका छोट्या कंपनीत आहे. निर्यातीच्या द्राक्षबागांसाठी आमचं ॲप आहे. कोणतं औषध कधी आणि किती मारलं याची नोंद शेतकरी करतो, ती माल घेणाऱ्या निर्यातदाराला दिसते. याच्या जोडीला अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर प्लॉटची नोंदणी लागते आणि मालात औषधाचा अंश किती उरला ते सांगणारा लॅबचा रेसिड्यू रिपोर्ट लागतो. तो रिपोर्ट नापास होऊ नये म्हणून प्रत्येक औषधाचा पीएचआय पाळावा लागतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात ठरलेले दिवस जावे लागतात. सगळा खेळ तारखेचा. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं नाकारली गेली, ते वर्ष इथले बागायतदार विसरलेले नाहीत.

२०२४ च्या डिसेंबरात आमच्याकडे नोंदी येणंच कमी झालं. सपोर्टवाल्या मुलींनी शेतकऱ्यांना फोन केले, सहाशेच्या वर कॉल झाले, ते मॉडेलला दिले. उत्तर आलं की बहुतेक शेतकरी नोंद करायला विसरतात, संध्याकाळी आठवण करून देणारं नोटिफिकेशन द्या. आमचे तेव्हाचे प्रॉडक्ट हेड पुण्याला बसायचे. त्यांनी त्याच दिवशी हिरवा कंदील दाखवला आणि एआयच्या मदतीने ते फीचर चार दिवसांत तयारही झालं. पूर्वी त्याला महिना लागला असता आणि त्या महिन्यात कुणीतरी विचारलं असतं की हे खरंच हवंय का. चार दिवसांच्या कामाला असं कोण विचारतं?

मला ते पटेना. डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने रात्र रात्र झोप न लागणारा माणूस औषध मारलेलं विसरतो? मी दिंडोरीच्या पुढे, वणीच्या रस्त्याला, आमच्याच यादीतल्या एका घरी गेले. ऑफिसपासून तासाभराचं अंतर. या शेतकऱ्याचा कॉल मी ऐकला होता. "राहून गेलं हो मॅडम, विसरलो" असं तो त्यात म्हणाला होता. ओट्यावर बसून तो तेच पुन्हा म्हणाला. मी चहाच्या निमित्ताने आत गेले, तर स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आणि त्याच्या प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात औषधाचं नाव, प्रमाण, फवारणीचा ब्लोअर किती टाक्या फिरला. एक दिवस सुटलेला नाही. त्याची बायको म्हणाली, "ताई, हे आले की सांगतात, मी लिहिते. मोबाईलात कशाला, इथं आहे ना सगळं."

मग बाहेर येऊन मी त्याला सरळ विचारलं. थोडा वेळ गप्प राहिला, मग बोलला. सकाळी औषध मारलं, दुपारी पावसाने धुऊन गेलं, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा मारावं लागलं. ॲपमध्ये दोन्ही नोंदी गेल्या आणि तासाभरात निर्यातदाराच्या माणसाचा फोन आला, दोनदा का मारलं म्हणून. "एकदा मोबाईलात घातलं की ते साहेबांना दिसतं. उद्या भाव करताना हेच दाखवून पाडतील." तेव्हापासून त्याने नोंद सोडली होती. गावातल्या इतरांनीही. हे तो आमच्या कॉलवरच्या मुलीला कसं सांगणार? तिला आणि निर्यातदाराला तो एकच समजत होता. "विसरलो" म्हणणं सोपं.

मॉडेलने काही चूक केली नव्हती. लोक जे बोलले त्याचा सारांश त्याने अगदी प्रामाणिकपणे दिला. लोकच खरं बोलले नव्हते.

मी हे मांडलं तेव्हा प्रॉडक्ट हेड म्हणाले, "सहाशे लोकांचं म्हणणं समोर असताना तुम्ही एका घरी चहा प्यायला जाता?" पेट्रोलचं बिल अडलं. वर्षअखेरच्या अप्रेझलमध्ये "डेटापेक्षा ऐकीव गोष्टींवर भर" असा शेरा आला. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आज देते. आपल्या या पदाचं मूळ ज्यात सांगतात, ते प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकी कंपनीच्या नील मॅकेलरॉय यांचं १९३१ चं टिपण काढून बघा. ब्रँड सांभाळणाऱ्याने स्वतः त्या भागात जाऊन दुकानदार आणि ग्राहक दोघांना भेटावं, हे त्यात कामाचा भाग म्हणूनच लिहिलेलं आहे. ते ऐकीव नाही आणि चहापाणीही नाही.

पुढचं सांगते, कारण एआयचा खरा उपयोग तिथे झाला. नोटिफिकेशन लोकांनी बंद करून टाकलं. आम्ही ठरवलं की कॅलेंडरचा फोटो काढा, मॉडेल वाचेल. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की हाताने लिहिलेला १ आणि ९ त्याला धड ओळखता येत नाही. १ तारखेची फवारणी ९ ची झाली की पीएचआयचा हिशोब आठ दिवसांनी सरकतो. उलट झालं तर अजून वाईट, काढणी आठ दिवस आधी सुरू. आणि मॉडेल अडत नाही, शोभेल अशी तारीख भरून मोकळं होतं. मी दोनशे फोटो घेऊन बसले, एका बागायतदाराच्या मुलीला सोबत घेतलं आणि प्रत्येकाचं बरोबर उत्तर हाताने लिहून काढलं. कोणत्या औषधाला कुठल्या गावात काय म्हणतात, त्याची यादी केली. मग नियम केला: तारखेबद्दल शंका असेल तर ॲपने अंदाज करायचा नाही, विचारायचं. बरोबर उत्तरं आधी लिहून ठेवून त्यांच्यावर मॉडेल तपासायचं, याला आता सगळे इव्हॅल म्हणतात. माझ्या मते आपल्या कामात आलेली नवी गोष्ट ती हीच, बाकी सगळा जुन्याच कामाचा वेग आहे.

नोंद पुसता येऊ नये, पण ती निर्यातदाराला जाण्याआधी "पावसाने धुतलं" हे कारण शेतकऱ्याला लिहिता यावं, हाही बदल केला. आमच्या ॲपचे पैसे निर्यातदार देतो आणि तो या बदलाला तयार नव्हता. त्याच्या पॅकहाऊसमध्ये तीनदा जाऊन बसले, तेव्हा त्याने मानलं. त्या पट्ट्यातल्या नोंदी फेब्रुवारीपर्यंत परत सुरू झाल्या.

कोर्सचं म्हणाल तर पैसे घालवू नका. तुमच्याच प्रॉडक्टचे दोनशे खरे नमुने घ्या आणि बरोबर उत्तरं स्वतः लिहा, त्यात जास्त शिकाल. कोडिंग येत असेल तर विसरू नका, पण त्यासाठी पद सोडून परत जाऊ नका. कोड लिहिणं स्वस्त झालंय. काय बांधायचं हे ठरवणं स्वस्त झालेलं नाही.

दोन गोष्टी मात्र मान्य करते. माझा ग्राहक तासाभरावर राहतो. तुमचा परदेशातल्या बँकेत बसत असेल तर माझी पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. आणि सहाशे कॉल ऐकणं कुणा माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. कोणत्या गावांतून नोंदी थांबल्यात हे मला त्या सारांशाच्या तक्त्यातूनच कळलं, म्हणून तर मी दिंडोरीकडे गेले. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी जे पीआरडी लिहून शिकले ते आता त्यांच्या वाट्याला येत नाहीत आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते.

त्या घरी मी यंदाच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, पुन्हा गेले होते. कॅलेंडरचा फोटो आता त्याची बायकोच काढते. तिने विचारलं, "लिहिते मी, फोटो मी काढते, मग फोन ह्यांना का येतो?" सातबारा त्याच्या नावावर, प्लॉटची नोंदणी त्याच्या नावावर, म्हणून आमचं खातंही त्याच्याच नावावर. दुसरं नाव जोडायची सोय आमच्या ॲपमध्ये नाही. ही मागणी एकाही कॉलमध्ये आलेली नव्हती, कारण आम्ही तिला कधी फोनच केला नव्हता. सध्या माझ्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, ते काम सगळ्यात वर आहे.