कुंडीतला शेपू आडवा का पडतो आणि इतक्या लवकर फुलावर का येतो?

तुम्ही लिहिलंय की गॅलरीतला शेपू वीतभर झाला की आडवा पडतो, आणि जो तगतो तो भाजीपुरता होण्याआधीच फुलावर येतो. नर्सरीतून रोपं आणून लावली तरी तेच झालं. या दोन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

आडवा पडतो तो बहुतेक वेळा ऊन कमी पडल्यामुळे. शेपूला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. ते मिळालं नाही की काडी उजेडाकडे लांबत जाते, बारीक राहते आणि झारीच्या पाण्यानेही लवते. त्यात बी दाट पडलेलं असेल तर रोपं एकमेकांचा उजेड अडवतात. म्हणून रोपं चार बोटं उंच झाली की विरळणी कराच. उपटलेली कोवळी रोपं वाया जात नाहीत, थालीपिठात किंवा पिठल्यात फार छान लागतात. शेणखत किंवा गांडूळखत मातीत आधीच मिसळलेलं असेल तर वरून युरिया देऊ नका, त्याने पाला माजतो आणि काडी आणखी लेची होते.

लवकर फुलावर येण्याचं मुख्य कारण उष्णता आणि मोठा होत जाणारा दिवस. आपल्याकडे ऑक्टोबर ते जानेवारी हा शेपूचा खरा हंगाम. फेब्रुवारीनंतर पेरलेला शेपू पानं धरायच्या आधी दांडा काढायला बघतो, त्याला आपण फारसं काही करू शकत नाही. पण दुसरं एक कारण आपल्या हातात असतं, ते म्हणजे मूळ. गाजर, कोथिंबीर, ओवा, बडीशेप यांच्याच कुळातली ही भाजी. हिचं मुख्य मूळ सरळ खाली जातं. रोप उचलून दुसरीकडे लावलं की ते दुखावतं आणि झाड पाला सोडून फुलाची घाई करतं. उथळ ट्रेमध्ये किंवा माती सारखी सुकत राहिली तरी तेच. तेव्हा नर्सरीतली रोपं आणू नका. निदान आठ-दहा इंच खोल कुंडी घ्या आणि बी जागेवरच टाका.

बी कृषी सेवा केंद्रात स्वस्तात मिळतं. वाण्याकडचा बाळंतशेपा म्हणजे शेपूचंच बी, तोही उगवतो, फक्त भाजलेला किंवा फार जुना नसावा. रात्रभर भिजवून, निथळून, मातीवर भुरभुरवा आणि वर अगदी पातळ माती पसरा. खोल गाडलेलं बी वर येत नाही. आठ-दहा दिवसांत दोऱ्यासारखी पानं दिसतात आणि पाच-सहा आठवड्यांत भाजी काढायला येते.

माझं मत विचाराल तर शेपू कापून पुन्हा फुटायची वाट बघण्यात अर्थ नाही. दुसरा फुटवा येतो, पण विरळ आणि जून. त्यापेक्षा दोन-तीन कुंड्या ठेवा, दर पंधरा दिवसांनी एकीत बी टाका आणि तयार झालेली कुंडी मुळासकट उपटून रिकामी करा. घरी गौरी बसत असतील आणि आवाहनाच्या दिवशी शेपूच्या भाजीचा नैवेद्य असेल, तर श्रावण लागताच पेरा, म्हणजे वेळेवर हाताशी येते. फक्त त्या दिवसांत कुंडी पागोळ्यांखाली नको, कोवळी रोपं कुजतात.

भाजीचंही सांगतो, कारण शेपू न आवडणाऱ्यांनी बहुधा जून आणि जास्त शिजवलेला शेपू खाल्लेला असतो. मूगडाळ अर्धा तास भिजवा. जाड देठ काढून शेपू धुवा, मग बारीक चिरा; चिरून धुतला तर वास पाण्याबरोबर जातो. तेलात मोहरी, ठेचलेला भरपूर लसूण आणि हिरवी मिरची घाला. लसूण तांबूस झाला की डाळ परता, झाकणावर पाणी ठेवून वाफ काढा. डाळीचा दाणा बोटाने चेपला जाईल पण अख्खा राहील, तेव्हा शेपू घाला आणि चार-पाच मिनिटांत गॅस बंद करा. मीठ शेवटी घाला, कारण पाला बसून निम्म्याहून कमी होतो आणि आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. सोबत ज्वारीची गरम भाकरी.

हंगामाच्या शेवटी एक-दोन झाडं मात्र फुलू द्या. पिवळ्या छत्र्यांवर मधमाश्या येतात. मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडेही येतात; पाण्याचा जोरात फवारा मारून ते पाडा, खायच्या पाल्यावर औषध नको. छत्री तपकिरी व्हायला लागली की बी गळण्याआधी दांडा कापा आणि कागदी पिशवीत उलटा टांगा. वाळलेलं बी चोळून पाखडलं की पुढच्या पेरणीची सोय होते. उरलेलं तीळ, ओवा आणि किसलेल्या सुक्या खोबऱ्याबरोबर भाजून सुपारी करा. बाळंतिणीला जेवणानंतर देतात तीच ही, पण घरात सगळेच खातात.