१० किमी शर्यतीत सहाव्या किलोमीटरनंतर दम संपतो. वेग कसा सांभाळावा?

पहिले २ किमी तुमच्या सरासरी लक्ष्यापेक्षा किलोमीटरमागे १० सेकंद हळू पळा. ६० मिनिटांचं लक्ष्य असेल तर दर किलोमीटरला (मिनिटं:सेकंद) असं:

- पहिले २ किमी: ६:१०
- पुढचे ६ किमी: ६:००
- शेवटचे २ किमी: ५:५०

सुरुवातीला गर्दीच्या भरात ५:३० ने सुटलात, तरी तेव्हा काहीच जाणवत नाही आणि खरी फसगत तिथेच होते. झेपेल त्याहून जास्त वेगात स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) झपाट्याने खर्च होतं, लॅक्टेट (जोरात पळताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ) साचत जातं, आणि सहाव्या किलोमीटरला पाय जड पडतात. जीपीएस घड्याळातला क्षणाक्षणाचा वेग उंच इमारतींमध्ये चुकतो, म्हणून किलोमीटरच्या पाट्यांवर वेळ तपासा.

दम वाढवायला आठवड्यातून चार दिवस पळा: दोन दिवस गप्पा मारता येतील इतकं सावकाश, एक दिवस २० मिनिटं टेम्पो (तीन-चार शब्दच बोलता येतील असा वेग), आणि रविवारी १२ ते १४ किमी, तेही सावकाशच. बहुतेकांचं घोडं या सावकाश पळण्यावरच अडतं. ते रोज मध्यम जोरात पळतात.

हे गणित सपाट रस्त्याचं आहे. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारख्या चढावर मिनिटं विसरा, श्वासाची लय सांभाळा.