अर्स्किन चिल्डर्स नेमका कुणाचा?

जुलै १९१४ मध्ये आयरिश स्वयंसेवकांना, म्हणजे आयर्लंडच्या स्वराज्यासाठी उभ्या राहिलेल्या दलाला, बंदुका आणून देणारा अर्स्किन चिल्डर्स महिन्याभरात ब्रिटिश नौदलात कसा गेला, आणि अशा माणसाला आयरिश देशभक्त का म्हणायचं, असं तुम्ही विचारलंय. मलाही हे फार दिवस खटकायचं.

जन्म लंडनचा. वडील इंग्रज (पाली-इंग्रजी शब्दकोश करणारे रॉबर्ट सीझर चिल्डर्स ते हेच), आई आयर्लंडमधल्या विक्लोच्या बार्टन घराण्यातली. वडील लवकर गेले आणि पोरगा आईच्या माहेरी, ग्लेंडालॉक हाऊसमध्ये वाढला. पुढे कॉमन्स सभागृहात कारकून, बोअर युद्धात ब्रिटिश तोफखान्यात. २६ जुलै १९१४ ला ‘असगार्ड’ या आपल्या शिडाच्या बोटीतून त्याने हाउथ बंदरात ९०० रायफली उतरवल्या. बरोबर बायको मॉलीही होती. पण तेव्हाची मागणी होमरूलची, म्हणजे साम्राज्यात राहूनच स्वराज्याची होती. त्यामुळे जर्मनीशी लढण्यात त्याला विसंगती वाटली नाही. हजारो आयरिश तरुण याच समजुतीने खंदकांत उतरले होते.

१९१६ च्या डब्लिनमधल्या ब्रिटिशविरोधी उठावाच्या नेत्यांना गोळ्या घातल्या गेल्या, १९१८ मध्ये आयर्लंडवर सक्तीची सैन्यभरती लादायचा घाट घातला गेला, आणि त्याचा इंग्रजांच्या शब्दावरचा विश्वास उडाला. १९१९ मध्ये तो डब्लिनला आला तो कायमचा. १९२१ मध्ये ब्रिटनशी तह करायला गेलेल्या आयरिश शिष्टमंडळाचा तो सचिव होता, पण तहाला त्याने कडाडून विरोध केला, कारण त्यात आयर्लंड साम्राज्यातच राहणार होतं. तेव्हा डॉलमध्ये, म्हणजे आयरिश संसदेत, त्या शिष्टमंडळाचा प्रमुख ग्रिफिथ याने त्याला तोंडावर ‘डॅम्ड इंग्लिशमन’ म्हटलं. इकडे चर्चिलच्या लेखी तो फितूर. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण ज्या मातीत जन्म झाला नाही तिच्यासाठी त्याने नोकरी, नाव, जुने मित्र सगळं सोडलं होतं.

तहावरून आयरिश लोकांतच यादवी पेटली. नोव्हेंबर १९२२ मध्ये त्याच ग्लेंडालॉक हाऊसमध्ये फ्री स्टेटच्या, म्हणजे तह मानणाऱ्या आयरिश सरकारच्या, सैनिकांनी त्याला पकडलं. जवळ एक छोटं पिस्तूल सापडलं, तहाच्या बाजूचा नेता मायकेल कॉलिन्स यानेच कधीकाळी भेट दिलेलं. परवान्याविना शस्त्र बाळगणं हाच गुन्हा, शिक्षा मृत्यू. अपील प्रलंबित असतानाच २४ नोव्हेंबरला डब्लिनच्या बेगर्स बुश बराकीत त्याला गोळ्या घातल्या. आधी त्याने समोरच्या प्रत्येक सैनिकाशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाला, पोरांनो, एक-दोन पावलं पुढे या, सोपं जाईल. आपल्या सोळा वर्षांच्या मुलाकडून त्याने वचन घेतलं होतं: शिक्षेवर सही करणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळव.

आणि शेवटच्या दिवसांत त्याने लिहून ठेवलं की इंग्लंडवरचं प्रेम मनात ठेवूनच मी मरतोय, आयर्लंडशी वागताना इंग्लंडचं मन पुरतं पालटावं एवढीच प्रार्थना आहे.