हरल्यानंतरची खरेदी

"मॅडम, मुलगा गेममध्ये पैसे घालवतोय. गेमच डिलीट करून टाकू का?" हल्ली समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे कितीतरी आईवडील पहिल्याच भेटीत हे विचारतात. चिडलेले असतात आणि त्याहून जास्त घाबरलेले असतात. हो किंवा नाही एवढ्यावर हे उत्तर भागत नाही, म्हणून एका घराची गोष्ट सविस्तर सांगते. घरच्यांची आणि मुलाचीही परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सोहम नववीत. घर धायरीला. वडील भोसरी एमआयडीसीत सुपरवायझर, आई एका पतसंस्थेत कर्जाचं काम बघते. संध्याकाळी आई घरी आली की तिच्या मोबाईलवर सोहम क्लॅश रोयाल हा कार्डांच्या लढतीचा गेम खेळायचा. दूध, भाजी, रिक्षा यांचे पैसे तोच त्या मोबाईलवरून देत असल्यामुळे यूपीआयचा पिन त्याला पाठ होता. दीड महिन्यात गेममधल्या खरेदीत साधारण ११ हजार रुपये गेले. एकदम मोठी रक्कम कधीच गेली नाही. शंभराच्या आतबाहेरचे व्यवहार, मधूनच चार-पाचशेचा एखादा. बँकेचे मेसेज येत होते, पण रोजच्या खर्चाच्या मेसेजांत ते मिसळून गेले.

वडील म्हणाले, "ही चोरी आहे." आईने विचारलं, "मॅडम, व्यसन लागलंय का ह्याला?" सोहम दप्तर मांडीवर घेऊन दोघांच्या मधे बसला होता आणि हे दोन्ही शब्द ऐकत होता.

व्यसनाचं आधी सांगते, कारण त्या शब्दाने घरं हादरतात. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घेतलं आहे. ते वर्गीकरण २०१९ मध्ये मंजूर झालं आणि २०२२ पासून लागू झालं. त्यात तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला जास्त महत्त्व मिळणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हे साधारणपणे १२ महिने चाललेलं असावं लागतं आणि त्यापायी अभ्यास, घर, नाती यांची ठळक हानी झालेली असावी लागते. सोहम रात्री वेळेवर झोपत होता, शाळेच्या कबड्डीच्या सरावाला जात होता, मोबाईल मागितला तर कुरकुर करून का होईना, देत होता. त्याचा खेळ ताब्यात होता, खर्च ताब्यात नव्हता. या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

वडिलांचा आणखी एक प्रश्न होता: "सरकारने हे गेम बंद केले ना?" ऑगस्ट २०२५ मध्ये झालेला कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर आहे. सोहमच्या खेळात घातलेला रुपया रुपया म्हणून परत येतच नाही, जिंकायला पैसे नसतातच. त्यामुळे कायद्यावर सोडून मोकळं होता येत नाही, हे घरातच सोडवावं लागतं.

पुढच्या भेटीत मी सोहमला एकट्याला बोलावलं आणि गेम समजावून सांगायला सांगितलं. मला ही पायरी फार महत्त्वाची वाटते. ज्या गोष्टीत मुलाचा जीव अडकला आहे ती आपल्याला कळत नसेल, तर आपला सल्ला त्याच्या लेखी बाहेरच्या माणसाचा असतो.

त्याने फार छान समजावलं. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा २०१६ सालचा हा गेम. समोरासमोर दोन खेळाडू, प्रत्येकाच्या डेकमध्ये, म्हणजे खेळायला निवडलेल्या संचात, ८ कार्डं, लढत ३ मिनिटांची, बरोबरी झाली तर जादा वेळ. जिंकलं की ट्रॉफी, म्हणजे गुण, वाढतात, हरलं की कमी होतात. कार्डांची लेव्हल वाढवता येते, त्यासाठी तेच कार्ड पुन्हा पुन्हा मिळावं लागतं आणि वर गोल्ड, म्हणजे गेममधली नाणी, लागतं. गोल्ड खेळून मिळतं, क्लॅनमधल्या, म्हणजे गेममधल्या आपल्या गटातल्या, मित्रांना कार्डं दिली तरी मिळतं. जेम्स हे गेममधलं दुसरं चलन मात्र फुकटात थोडंच मिळतं, जास्त हवे असतील तर रुपये मोजावे लागतात. जेम्स देऊन गोल्डही घेता येतं.

मी विचारलं, "कार्ड संपतात की गोल्ड?"

"गोल्ड. कायम गोल्डच. कार्डं पडून असतात, लेव्हल अप करायला गोल्ड नसतं."

हे ऐकून मला हायसं वाटलं. तुटवडा नेमका कशाचा आहे हे ज्याला कळतं, त्याच्याशी हिशेबाचं बोलता येतं.

मग आम्ही बँकेचं स्टेटमेंट उघडलं. प्रत्येक व्यवहारापुढे तारीख आणि वेळ होती. मी त्याला फक्त एवढंच विचारलं, "ह्या वेळी काय चाललं होतं आठव." पहिले एक-दोन आठवेनात. मग एका मंगळवारच्या रात्री सव्वानऊला दहा मिनिटांत झालेले तीन व्यवहार दिसले. तो म्हणाला, "त्या दिवशी लागोपाठ पाच मॅच हरलो होतो. वर जाणार होतो ट्रॉफीने, उलट खाली आलो." त्याच्या खालचा व्यवहार, तसाच. त्याखालचा, एक नवीन कार्ड आलं होतं आणि क्लॅनमधल्या दोघांनी घेतलं होतं त्या दिवशीचा. पेन्सिलने तो स्वतःच खुणा करत गेला: ह म्हणजे हरल्यावर, मि म्हणजे मित्रांमुळे. ज्या व्यवहारांपुढे काहीच खूण करता आली नाही, ते अगदी मोजके राहिले.

खेळणारी मुलं याला टिल्ट म्हणतात. हरल्याचा राग डोक्यात गेला की माणूस धडाधड पुढची मॅच लावतो, वाईट खेळतो, आणखी हरतो. त्याच वेळी गेममधल्या दुकानात "फक्त आज" असं घड्याळ लावलेली ऑफर समोर येते. सोहमला त्या क्षणी कार्ड नको असतं, हरल्याची आग शमवायची असते. मला वाटतं आईवडिलांनी हे समजून घ्यायला हवं. पैसे उधळायची हौस म्हणून ह्या मुलाने ११ हजार घातले नव्हते.

त्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ट्रॉफीच्या लढतीत समोरच्याची कार्डं वरच्या लेव्हलची असली, तर चांगलं खेळूनही मार खावा लागतो. ही त्याची तक्रार खरी आहे. "खेळून काय मिळतं तुला," असं म्हणून ती उडवून लावली, की मुलाचं बोलणं बंद होतं. ज्या स्पर्धांत सगळ्यांच्या कार्डांना एकच लेव्हल लावली जाते, तिथे मात्र हात आणि डोकं चालतं. सोहम अशा लढतींत चांगला खेळायचा आणि हे त्याला माहीतही होतं.

तिसऱ्या भेटीला आईला आत घेतलं. सोहमने तिला आपली कार्डं दाखवली. तीसेक कार्डं थोडी थोडी वाढवलेली, पुरतं वाढवलेलं एकही नाही. पतसंस्थेत रोज कर्जाच्या फायली चाळणारी ती बाई दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, सगळीकडे थोडं थोडं टाकलंस. आठच कार्डं घेऊन खेळायचं असतं ना? मग बाकीच्यांत का अडकवलंस?" सोहम चमकून तिच्याकडे बघायला लागला. आई गेमबद्दल बोलते आहे हे त्याच्यासाठी नवीन होतं. पुढची वीस मिनिटं त्या दोघांनीच चालवली, मला बोलावं लागलं नाही.

त्यातून एक वही निघाली. डाव्या पानावर गोल्ड कुठून आलं, उजव्या पानावर कुठे गेलं. एकच डेक धरायचा, त्याच आठ कार्डांना गोल्ड घालायचं. नवीन तगडं कार्ड आलं तरी लगेच धावायचं नाही. अशा कार्डांची ताकद पुढच्या बदलांत अनेकदा कमी केली जाते, मुलांच्या भाषेत नर्फ होतं, आणि घातलेलं गोल्ड तिथेच राहतं. सोहमने हे दोनदा भोगलं होतं, त्यामुळे हा नियम त्यानेच सुचवला. दोन मॅच ओळीने हरलो की त्या दिवसापुरतं दुकान उघडायचं नाही, हा माझा. ऑफरवर रात्रभर थांबायचं, हा आईचा.

रुपयांचा एक हिशेबही तिथेच झाला. रुपयांचे जेम्स, जेम्सचं गोल्ड, गोल्डची लेव्हल, असा तीनदा वेष पालटला की शेवटी त्या एका लेव्हलला किती रुपये पडले ते कोणालाच सांगता येत नाही. अशा बहुतेक गेममध्ये गठ्ठे असे असतात की हवी ती वस्तू घेऊन थोडे जेम्स उरतात, आणि उरलेल्यांसाठी पुढचा गठ्ठा घ्यावासा वाटतो. म्हणून वहीत तिसरा रकाना आला: ह्याचे रुपये किती. आपल्या एका खरेदीपुढे आकडा लिहिल्यावर सोहम म्हणाला, "एवढ्यात कबड्डीचे शूज आले असते." मी त्यावर काहीही बोलले नाही.

मोबाईलचा बंदोबस्त त्याच आठवड्यात केला. यूपीआयचा पिन बदलला. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावली. सोहमला गेममध्ये खर्च करायचा असेल तर पॉकेटमनीतून, महिन्याला ठरलेली रक्कम, गिफ्ट कोडच्या रूपात. कोड संपला की विषय संपला. गेलेल्या पैशांपैकी काही भाग तो दिवाळीत आणि वाढदिवसाला मिळणाऱ्या पैशांतून फेडतो आहे. सगळे फेडायला लावू नका, असं मी वडिलांना सांगितलं. पंधरा वर्षांच्या मुलाला न फिटणारं कर्ज दिलं की तो ते लपवायला शिकतो. ज्यांच्या घरी हे आत्ताच, काल-परवा घडलं आहे, त्यांनी आधी परताव्याची विनंती टाकावी. प्ले स्टोअरवरच्या खरेदीसाठी ती ४८ तासांच्या आत केलेली बरी, त्यानंतर गेम बनवणाऱ्या कंपनीकडे जावं लागतं.

सगळं सुरळीत चालू आहे असं नाही. मधे एकदा सोहमने मित्राच्या मोबाईलवरून, मित्राला रोख पैसे देऊन एक ऑफर घेतली. आईला वहीत ती सापडली, कारण त्याने ती लिहिली होती. पुढे ह असं अक्षर होतं. आई मला फोनवर म्हणाली, "रागवू की नको, तेच कळेना." मी म्हटलं, घेतल्याबद्दल रागवा, लिहिलं हे चांगलं केलंस असंही सांगा, दोन्ही एकाच वेळी चालतं.

जिथे मूल रात्ररात्र जागतं, शाळा सोडतं, मोबाईल काढून घेतला तर हात उगारतं, तिथे वही पुरणार नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञांकडेच जायला हवं, आणि सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं.

सोहमच्या वडिलांना अजूनही गेम डिलीटच व्हावा असं वाटतं. पुढच्या वर्षी दहावी आहे, त्यांची काळजी रास्त आहे. सोहमचं म्हणणं आहे की ट्रॉफीसाठी खेळणं बंद करतो, पण क्लॅन सोडायला लावू नका, शाळा बदललेले जुने मित्र तिथेच भेटतात. पुढच्या भेटीला तिघंही येणार आहेत, आणि वडिलांनी यायच्या आधी सोहमबरोबर बसून निदान एक मॅच बघावी एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.