झोपेचे तुकडे करण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र वाचलं, सोबतचं वेळापत्रकही पाहिलं. दर चार तासांनी वीस मिनिटांची डुलकी, अशा सहा डुलक्या, म्हणजे चोवीस तासांत झोप फक्त दोन तास. उरलेल्या बावीस तासांत अभ्यास, कोडिंग आणि वर एक नवी भाषा. हे करावं की नाही, असं तू विचारलेलंच नाहीस. पहिले दहा दिवस कसे काढायचे, एवढंच विचारलं आहेस. मी मात्र न विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करणार आहे.

झोप तुकड्यांत घेणं वेगळं आणि झोप कमी करणं वेगळं. ‘पॉलिफेजिक’, म्हणजे दिवसातून अनेकदा झोपणं, या एका नावाखाली या दोन्ही गोष्टी बेमालूम एकत्र केल्या जातात, आणि पहिलीचे दाखले देऊन दुसरी गळी उतरवली जाते. तान्हं बाळ तुकड्यांतच झोपतं, पण दिवसाकाठी चौदा ते सतरा तास. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या युरोपात लोक ‘पहिली झोप’ आणि ‘दुसरी झोप’ अशा दोन हप्त्यांत झोपत, याचे पुरावे रॉजर एकर्च या इतिहासकाराने गोळा केले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थॉमस वेर या झोपेच्या संशोधकांनी निरोगी माणसांना काही आठवडे रोज चौदा तास अंधारात ठेवलं, तेव्हा त्यांचीही झोप आपोआप दोन भागांत विभागली गेली. पण एकूण झोप भरली सुमारे आठ तास. मधला जागेपणा होता, बचत नव्हती. तुझ्या वेळापत्रकात बचतच आहे, आणि तीही तीन चतुर्थांश झोपेची.

आता तू दिलेली मोठी नावं. लिओनार्डो दा विंची असा झोपत असे, याला त्याच्या काळातला भरवशाचा पुरावा नाही. तो सोडून दे. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकी वास्तुरचनाकाराची गोष्ट खरी आहे. दर सहा तासांनी अर्धा तास झोपण्याच्या त्याच्या प्रयोगाची बातमी १९४३ मध्ये ‘टाइम’ या अमेरिकी नियतकालिकाने छापली होती. त्याने तो बंद का केला, हेही त्याच बातमीत आहे: त्याच्या धंद्यातले सहकारी इतरांसारखेच रात्री झोपत. आणि झोपेचे संशोधक क्लॉडिओ स्टाम्पी, ज्यांचा आधार सगळेच घेतात, त्यांनी अभ्यास केला तो समुद्रावर एकट्याने शिडाची बोट हाकणाऱ्या खलाशांचा. तिथे सलग झोपलं तर बोट कशावर तरी आदळायची. पुरेशी झोप मिळणारच नसेल तर तुटपुंजी झोप कशी वाटून घ्यावी, हा त्यांचा प्रश्न होता. तुझ्यावर अशी कोणती सक्ती आहे?

शरीरात काय चालतं ते थोडक्यात सांगतो. झोप दोन गोष्टींवर चालते. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं, ही एक. दुसरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींच्या एका छोट्या पुंजक्यातलं घड्याळ, जे उजेडाच्या आधारे सुमारे चोवीस तासांचं चक्र चालवतं. या घड्याळाला तुझ्या अलार्मशी काही देणंघेणं नाही. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास ते तुला सगळ्यात जास्त जागं ठेवतं, त्यामुळे त्या वेळची डुलकी नुसतं छताकडे बघण्यात जाईल. पहाटे चारला शरीराचं तापमान तळाला गेलेलं असतं, त्या वेळची डुलकी वीस मिनिटांत संपणारच नाही.

‘शरीर काही दिवसांत थेट स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेममध्ये शिरायला शिकतं’ हा या पद्धतीचा सगळ्यात आवडता दावा. डोळा लागताच रेम सुरू होणं हे बहुधा रेमची उपासमार झाल्याचं लक्षण असतं, कौशल्य नव्हे. शिवाय रेम म्हणजे सगळी झोप नव्हे. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप जास्त असते, पहाटेच्या साखरझोपेत रेम जास्त, आणि दिवसभरात शिकलेलं पक्कं व्हायला दोन्ही लागतात. म्हणजे नवी भाषा शिकायला तू जो वेळ काढतो आहेस, तो ती डोक्यात मुरण्याच्या वेळेतूनच.

तिसऱ्या-चौथ्या रात्री काय होईल तेही ऐकून ठेव. अलार्म बंद केल्याचं तुला आठवणार नाही. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलास तरी तू उठशील, चालत जाशील, तो बंद करशील आणि परत पांघरुणात शिरशील. सकाळी यातलं काहीही आठवणार नाही. वहीत लिहिताना अक्षर ओळीखाली उतरत जाईल आणि शेवटी नुसती रेघोटी उरेल. मधेच काही सेकंद मेंदू बंद पडेल, कधी कधी डोळे उघडे असताना.

पण मला खरी काळजी त्या दिवसांची नाही. तेव्हा निदान तुला कळत तरी असेल. काळजी आहे ती त्यानंतरच्या ‘आता सवय झाली’ची.

२००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हान्स व्हॅन डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांचे गट केले, कुणाला रात्री आठ तास, कुणाला सहा, कुणाला चार, असं सलग चौदा दिवस. चाचणी अगदी कंटाळवाणी: पडद्याकडे बघत राहायचं, दोन ते दहा सेकंदांत कधीही खूण उमटते, उमटली की बटण दाबायचं, अशी दहा मिनिटं. अर्ध्या सेकंदाहून उशीर झाला की ती चूक. चार आणि सहा तासवाल्यांच्या चुका रोज वाढत गेल्या. दोन आठवड्यांअखेर चार तासवाले दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाच्या पातळीला आले होते. पण ‘किती झोप येतेय?’ या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरं पहिल्या काही दिवसांनंतर जवळजवळ तिथेच थांबली. चुका वाढतच होत्या आणि माणसं म्हणत होती, थोडी पेंग येते, बाकी ठीक.

‘तिसऱ्या आठवड्यात एकदम तरतरी आली’ असं जे अनुभव तू वाचले आहेस, ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. त्यांना तसं वाटतच असणार. फक्त ज्या मेंदूने ते ठरवायचं, तोच अर्धवट झोपेत आहे. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा अशा वेळापत्रकांच्या फायद्याला आधार सापडला नाही, तोटेच सापडले. फारच थोड्या लोकांना जनुकीय कारणामुळे कमी झोप खरोखर पुरते. तू त्यांतला असतास तर अलार्मशिवायच लवकर उठला असतास, एवढं वेळापत्रक आखावं लागलं नसतं.

प्रयोगाची खुमखुमी जात नसेल तर एकूण झोप सातच्या खाली न नेता कर. रात्री साडेसहा तास आणि दुपारी एक ते तीनच्या दरम्यान अर्धा तास. यात तुकडे आहेत, उपासमार नाही. दुपारी मात्र गजर लावच. तासभर झोपलास तर गाढ झोपेतून उठशील आणि बराच वेळ डोकं जड राहील. कॉफी दुपारनंतर बंद, कारण पाच-सहा तासांनीही तिच्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं.

दोन बाबतींत मी अजिबात ऐकून घेणार नाही. घरात कुणाला किंवा तुला स्वतःला कधी फिट्स आल्या असतील, बायपोलरचा (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा) त्रास असेल, तर झोप कापण्याचा विचारही करायचा नाही; जागरणाने हे दोन्ही उफाळून येतात. आणि झोप अपुरी झाली असेल त्या दिवशी गाडी चालवायची नाही. सतरा-अठरा तास सलग जागं राहिल्यावर माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखा चुकतो. तुझ्या योजनेत तर रोजच त्याहून वाईट अवस्था असेल.

आणि मोजमाप आधी, बदल नंतर. ती बटण दाबायची चाचणी फोनवर सहज मिळते. आधी दोन आठवडे आहे तसाच झोप आणि रोज त्याच दोन वेळांना, सकाळी दहा आणि संध्याकाळी पाचला, चाचणी दे. आकडे लिहून ठेव, शेजारी ‘मला कसं वाटतंय’ याला दहापैकी गुण दे. ते दोन रकाने भरल्याशिवाय एकही डुलकी हलवू नकोस. कागद भरला की मला पाठव, मग पुढचं बोलू.

तुझा,
सर